शून्य दशांश एक

मागच्या गुरुवारी एका खोलीने माझी अख्खी दुपार खाल्ली. खोली काही विशेष नाही, कोल्हापूरकडच्या एका मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली. कार्यालय वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेलं, आता मालकाच्या मुलाला वर मजला चढवायचाय, मागे किचन वाढवायचंय, म्हणून त्याने कुठूनतरी जुनी ऑटोकॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची, फाइल शोधून मेल केली. खोलीची रुंदी खिडकीकडून मोजली तर ३०००, दाराकडून मोजली तर ३००९. मिलिमीटर हो. एका भिंतीची रेघ सिलेक्ट करून लिस्ट कमांड दिली, लांबी ५०००, अँगल शून्य. समोरच्या भिंतीची रेघ घेतली, लांबी ५०००, अँगल शून्य. म्हणजे दोघीही सरळ आडव्या आणि तरी पाच मीटरमध्ये नऊ मिलिमीटरने फाकलेल्या. माझी ज्युनिअर शेजारी चहा घेऊन उभी होती, ती म्हणाली, सर डिस्प्ले इश्यू असेल, रीजेन करून बघा ना.

डॉक्टर लोकांचं कसं, काही कळेना की ‘व्हायरल आहे’, तसं आमचं ‘डिस्प्ले इश्यू’. आणि दहातल्या आठ वेळा ते खरंही असतं, म्हणून तर तिच्यावर चिडता येत नाही. नवीन पोरं पहिल्याच आठवड्यात घाबरून येतात, सर मी गोल काढला होता त्याचा अष्टकोन झाला. तो झालेला नसतो, नुसता दिसत असतो, कारण स्क्रीनवरचं वर्तुळ हे मुळात छोट्या छोट्या सरळ तुकड्यांचंच असतं आणि झूम केलं की ते तुकडे उघडे पडतात. रीजेन केलं, म्हणजे स्क्रीनला चित्र नव्याने आखायला लावलं, की पुन्हा गोल. एकाने तर बिचाऱ्याने कॉलमची सगळी वर्तुळं पुसून परत काढली होती. किंवा सर्व्हेवाल्याकडून प्लॉट येतो तो यूटीएम कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या आकड्यांत, पुण्याकडचा असेल तर उत्तरेचा आकडा वीस लाख मीटरच्या वर, आता शून्यापासून इतक्या लांब बसून काम केलं की हॅच गायब होतो, रेघा थरथरतात, कर्सर एकीकडे आणि स्नॅप दुसरीकडे. ड्रॉइंग जागच्या जागी असतं, फक्त स्क्रीनला एवढे मोठे आकडे झेपत नाहीत. तर डिस्प्ले इश्यू म्हणजे खरी वस्तू ठीक आहे, दाखवणारा गडबडलाय. मी तिला म्हटलं, बघू, आणि रीजेन केलं. काही फरक नाही.

मग लिस्टमधली खालची ओळ वाचली, जी कुणी वाचत नाही. डेल्टा वाय, ९, म्हणजे रेघेच्या दोन टोकांत वर-खाली नऊ मिलिमीटरचा फरक. अँगल शून्य आणि डेल्टा वाय नऊ, हे कसं काय? तर अँगल किती दशांशापर्यंत दाखवायचा त्याची एक सेटिंग असते, ऑप्रेक, ती शून्यावर असली की हा कोन राउंड करून सांगतो. ती चारवर नेली आणि परत लिस्ट. अँगल ०.१०००. दुसऱ्या रेघेचा ०.००००. मग एक शंका आली म्हणून मी कर्सरसाइझ १०० केली, क्रॉसहेअरचे, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या कर्सरचे, दोन्ही दांडे स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले, आणि आडवा दांडा नीट बघितला. चार ठिकाणी पायरी. एक पिक्सेल, मग थोडं पुढे अजून एक पिक्सेल. स्नॅपअँग टाइप केलं, क्रॉसहेअर किती अंशाने फिरवलाय ते सांगणारी सेटिंग. ०.१००० आलं.

तो आकडा माझा होता.

म्हणजे अक्षरशः माझा. २००३ साली, राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, मी माझ्या हाताने टाइप केलेला. टायटल ब्लॉककडे, म्हणजे ड्रॉइंगवरच्या नावा-माहितीच्या चौकटीकडे, गेलो तर ऑफिस तेच. ड्रॉन बायच्या चौकटीत दोन इनिशियल. अण्णांची.

अण्णा आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. आयटीआय करून ड्रॉइंग बोर्डावर आलेले आणि पंचविसेक वर्षं बोर्डावरच राहिलेले. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं, आडव्या रेघा मारायची लांब पट्टी म्हणजे टी-स्क्वेअर, चूक झाली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची आणि वरून नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायम एका बाजूने झिजलेलं असायचं. आतल्या खोलीत जुनं अमोनिया प्रिंटचं मशीन बंद पडून होतं तरी दार उघडलं की डोळ्यात पाणी आणणारा तो वास अजून यायचा. कॉम्प्युटर आले तेव्हा अण्णा पन्नाशीच्या पुढे. बाकीच्या बोर्डवाल्यांनी हात वर केले, अण्णांनी संध्याकाळचा क्लास लावला. एका बोटाने टाइप करायचे, पण क्रॉसहेअर मात्र पहिल्या दिवसापासून स्क्रीनभर ठेवलेला. आम्ही पोरं हसायचो, एवढा मोठा कर्सर, जाळ्यात अडकल्यासारखं वाटतं. अण्णा म्हणायचे, ‘‘लेकानू, ही माझी टी आहे. टीला लांबी नसली तर ती कसली टी?’’ समोरच्या कॉलमशी खिडकी रेघेत आहे का हे ते मोजायचे नाहीत, नुसता कर्सर तिथे नेऊन बघायचे.

आणि आम्ही तीन पोरं, नुकती डिप्लोमा झालेली, हाताला वेग भरपूर आणि डोक्यात भुसा. ऑफिसात इंटरनेट म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये डायल-अप, त्यामुळे करमणूक आपली आपणच करायची. एकमेकांच्या मशीनवर खोड्या. एसीएडी डॉट पीजीपी नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, त्यात कुठलं अक्षर म्हणजे कुठली कमांड ते लिहिलेलं असतं, तिथे एल म्हणजे लाइनच्या जागी एल म्हणजे इरेज करून ठेवायचं. नाहीतर अनडिफाइन करून लाइन कमांडच मारून टाकायची, समोरचा टाइप करतोय लाइन, आणि ऑटोकॅड सांगतंय की अशी कमांडच नाही. (आधी टिंब देऊन टाइप केलं की चालते, पण हे ठाऊक असणारा माणूस ऑफिसात एकच, ज्याने खोडी केली तो.) एकाने तर कहर केला होता, साहेबांच्या टायटल ब्लॉकच्या आत एक बारीक स्प्लाइन, म्हणजे वळणदार रेघ, काढून ठेवली, हुबेहूब केस. साहेब रुमालाने स्क्रीन पुसतायत, केस जाईना, पॅन केलं की केस पण सरकतो, झूम केलं की केस जाड व्हायच्या ऐवजी नुसता लांब होतो. सीआरटीच्या काचेवर रुमाल फिरवला की चट्चट् असा स्टॅटिकचा आवाज यायचा, तो आवाज ऐकून आम्ही टेबलाखाली तोंड घालून हसत होतो. क्यूटेक्स्टची खोडी मात्र अंगाशी आली. ती चालू केली की ड्रॉइंगमधल्या सगळ्या अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात, आणि ते ड्रॉइंग महापालिकेत सबमिशनला जायचं होतं, प्रिंट तशीच चौकटींची निघाली. त्या दिवशी आम्हाला साहेबांनी काय काय ऐकवलं ते इथे नको.

यात एक गोष्ट मला तेव्हा माहीत होती पण तिचा अर्थ लागला नव्हता. काही खोड्या मशीनमध्ये राहतात आणि काही ड्रॉइंगमध्ये. फाइल उघडायची खिडकीच येऊ नये म्हणून फायलडिया शून्य केलं, तर ते त्या मशीनपुरतं, मशीन फॉरमॅट झालं की संपलं. क्यूटेक्स्ट तसं नाही, ते ड्रॉइंगच्या आत सेव्ह होतं आणि ड्रॉइंग जिथे जाईल तिथे सोबत जातं. स्नॅपअँग पण त्यातलंच. पुढे या धंद्यात खोडीचे थोरले भाऊ पण बघितले, एसीएडी डॉट एलएसपी नावाची एक फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये आपोआप उगवायची, पुसली की परत, आणि २०१२ मध्ये तर पेरूमध्ये मेड्रे नावाचा किडा सापडला, तोही ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्याच भाषेतला, तो लोकांची ड्रॉइंग्ज गुपचूप चीनमधल्या मेल अकाउंट्सवर पाठवायचा. ते वाचताना मला पहिल्यांदा आमच्या त्या तीन टेबलांची आठवण झाली होती. लगेच गेलीही.

तर अण्णांच्या वाटेला आम्ही सहसा जायचो नाही. त्या दिवशी कारण काय झालं, तर सकाळी साहेबांसमोर अण्णांनी माझी एक प्रिंट उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, ‘‘ही रेघ सरळ नाही.’’ मी म्हटलं, अण्णा, कॉम्प्युटरची रेघ आहे, सरळच असते. ते म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरची असंल. मारली तू आहेस न्हवं?’’ साहेब हसले. रेघ खरंच वाकडी होती, मी ऑर्थो, म्हणजे रेघ क्रॉसहेअरच्या दांड्यांना धरूनच जाऊ देणारी सोय, न लावता अंदाजाने मारली होती. ते बरोबर होते हेच जास्त लागलं असणार. दुपारी ते जेवायला घरी गेले, मी त्यांच्या खुर्चीत बसलो, खुर्चीवर त्यांनी घडी करून ठेवलेला टॉवेल असायचा, तो अजून गरम होता. आधी स्नॅपअँग एक केलं. एक अंश म्हणजे वीस मीटरला पस्तीस सेंटीमीटर, फार उघड, क्रॉसहेअर चक्क तिरका दिसत होता. मग ०.१ केलं. त्या १०२४ बाय ७६८च्या स्क्रीनवर अख्ख्या आडव्या दांड्याला मिळून एक-दोन पिक्सेलचा फरक. ऑर्थो लावून रेघ मारली की तीही बरोबर ०.१ अंशात जाणार. विचारलं तर ऑटोकॅड राउंड करून शून्य सांगणार, ही तर बोनसची मजा. मी स्वतःवर एवढा खूश होतो की विचारू नका. संध्याकाळी सांगायचं आणि हसायचं असं ठरवलं होतं.

संध्याकाळी सांगितलं नाही. खरं कारण असं की बघण्यात मजा येत होती. अण्णा आले, बसले, आणि दोन मिनिटांत त्यांचा हात थांबला. कर्सर वर नेला, खाली नेला. चष्मा काढून पुसला. मग ड्रॉवरमधून स्टीलची फूटपट्टी काढली आणि स्क्रीनच्या काचेवर आडवी धरली, वाकून, एक डोळा मिटून. मग मॉनिटरच्या खालची बटणं दाबत बसले, त्या जुन्या मॉनिटरना चित्र किंचित फिरवायची सोय असायची, ते फिरवलं तर क्रॉसहेअर सरळ वाटला असेल पण खालचा टास्कबार वाकडा झाला, परत फिरवून जागेवर आणलं. मी पलीकडच्या टेबलावरून हे सगळं बघत होतो आणि ओठ चावत होतो. साडेसहाला मी निघालो तेव्हा ते बसलेलेच होते. ‘‘जातो अण्णा.’’ ‘‘जा,’’ म्हणाले, वर न बघता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मला वाटलं, लक्षातच आलं नाही त्यांच्या, खोडी फुकट गेली. नंतर तीनेक महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली आणि मी ते ऑफिस सोडलं.

पण आता मागे बघितलं की दोन गोष्टी आठवतात. त्या महिन्यात अण्णांनी नवीन चष्मा घेतला. सोनेरी काडीचा. आम्ही चिडवलं पण होतं, काय अण्णा, नवरदेव. पन्नाशीच्या माणसाला नंबर वाढतो, त्याला माझी गरज नव्हती, हे मला कळतं. दुसरी म्हणजे आवाज. माझ्या शेवटच्या दिवसांत अण्णांच्या टेबलावरून कीबोर्डचा आवाज जास्त यायचा. टक. टक. टकटक. एका बोटाचा. माउसवर सरसर काम करणारा माणूस असा टाइप करत का बसलाय हे मी विचारलं नाही, आणि साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, अण्णा, या कार्यालयाच्या कामाला फारच दिवस लागतायत हो. अण्णा काही बोलले नव्हते.

गुरुवारी ज्युनिअर घरी गेल्यावर मी ती फाइल घेऊन बसलो. आता ड्रॉइंगमध्ये काढलेल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो, हँडल म्हणतात त्याला, आणि तो चढत्या क्रमाने मिळतो, आधी काढलेल्याला लहान, नंतर काढलेल्याला मोठा. वस्तू पुसली तर तिचा नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. म्हणजे कुठली रेघ कुठल्या रेघेनंतर आली हे बावीस वर्षांनीही सांगता येतं. मी आडव्या रेघा हँडलप्रमाणे लावल्या. सुरुवातीच्या सगळ्या ०.००००. हॉल, स्टेज, पुढचा व्हरांडा. मग वधूपक्षाच्या खोलीची मागची भिंत, ०.१०००. तिच्या शेजारचं बाथरूम, जिन्याच्या पायऱ्या, मिळून चौदा रेघा, सगळ्या ०.१०००. त्यानंतर नंबरांमध्ये भलंमोठं भगदाड, कित्येक शे नंबर गायब. डायमेन्शन पुसली तरी बरेच नंबर जातात, त्यामुळे ती सगळी त्या संध्याकाळचीच खाडाखोड असं छातीठोक म्हणता येत नाही. पण मला ती फूटपट्टी दिसत होती. रेघ मारायची, पुसायची, परत मारायची, लिस्टला विचारायचं, लिस्ट म्हणणार शून्य.

आणि भगदाडानंतरच्या रेघा? मी अर्धा तास एकेक तपासत होतो, कुठेतरी ०.१ सापडेल म्हणून. एकही नाही. किचन, स्टोअर, कंपाउंड वॉल, दोन्ही टॉयलेट ब्लॉक, सगळं ०.००००. सेटिंग मात्र शेवटपर्यंत ०.१च राहिलेलं. म्हणजे अण्णांनी ऑर्थो सोडून दिला होता. @५०००<० असं प्रत्येक भिंतीला टाइप करून रेघ मारली की ती क्रॉसहेअरला विचारत नाही, सरळ शून्य अंशात जाते. ती टकटक ती होती. अख्खं मंगल कार्यालय त्यांनी एका बोटाने टाइप केलं.

नऊ मिलिमीटरचं म्हणाल तर साइटवर कुणाचं काही बिघडलं नाही, आतलं प्लास्टरच बारा मिलिमीटरचं असतं, गवंड्याच्या थापीखाली माझ्यासारख्या छप्पन खोड्या गडप होतात. त्या खोलीत बावीस वर्षं नवऱ्या नटल्या असतील, कुणाला भिंत फाकल्याचं दिसलं नसेल. मी हे स्वतःला समजावत होतो आणि समजावता समजावता उगाच झूम करत जिन्यापाशी गेलो, तर तिथे पायऱ्यांच्या बाजूला एक ठिपका. जवळ गेलो तर अक्षरं. डेफपॉइंट्स लेयरवर, जो लेयर प्रिंटमध्ये कधीच येत नाही. बोर्डावर काम करताना अण्णा ट्रेसिंगच्या कडेला पेन्सिलने असंच बारीक लिहून ठेवायचे, पुढच्या माणसासाठी, प्रिंट काढताना ते उमटायचं नाही. इंग्रजी कॅपिटलमध्ये मराठी टाइप केलेलं होतं:

‘‘या ड्रॉइंगमध्ये ऑर्थो वापरू नये. आडवी रेघ टाइप करून मारावी.’’

‘या ड्रॉइंगमध्ये’. म्हणजे दुसरी ड्रॉइंग्ज उघडून बघितली होती त्यांनी, मशीन ठीक आहे, डोळे ठीक आहेत, घोळ या एकाच फाइलमध्ये आहे इथपर्यंत ते पोचले होते. मग चष्मा आधीचा की नंतरचा, ते मला आता कळायचा मार्ग नाही. आणि घोळ आपोआप झाला नाही, कुणीतरी बसून केलाय, हे कळलं होतं का? त्या कामावर अण्णांनंतर हात लावणारा एकटा मीच होतो, प्लॉटिंग माझ्याकडे होतं. तो पुढचा माणूस मी. ती फाइल मी निदान पाच-सहा वेळा उघडली असेल, प्रिंटा काढल्या, एकदाही जिन्यापर्यंत झूम केलं नाही.

त्यांचा नंबर मिळवणं अवघड नाही. त्या ऑफिसातल्या एकाशी माझं अजून बोलणं असतं, अण्णा गडहिंग्लजकडे गावी असतात असं तो मागे म्हणाला होता. शुक्रवारी दोनदा फोन हातात घेतला. सांगायचं काय पण? अण्णा, बावीस वर्षांपूर्वी तुमचा क्रॉसहेअर मी वाकडा केला होता. ते म्हणणार, कोण बोलतंय?

स्नॅपअँग शून्य केलं, चौदा रेघा दुरुस्त केल्या, खोली आता दोन्हीकडून ३०००. ती नोट पुसली नाही, तिचं आता काही काम नाही तरी. कर्सरसाइझ परत पाचवर आणायची होती ती राहून गेली, शुक्रवार गेला, सोमवार गेला, त्या दोन लांब दांड्यांमध्ये अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण खिडक्या रेघेत आहेत का ते मात्र न मोजता दिसतं. काल ज्युनिअर आली, स्क्रीन बघून थबकली, मग मागे वळून बाकीच्या पोरांकडे संशयाने बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘‘सर, तुमच्या मशीनवर कुणीतरी खोडी केलीय. ठीक करून देऊ?’’